दोन खण आणि एक चौक

आमच्या वाड्याची मोजणी झाली, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमचं घर किती लहान आहे.

बिल्डरकडची दोन मुलं आली होती. एकाच्या हातात लेझरचं यंत्र, दुसऱ्याच्या हातात वही. भिंतीला यंत्र टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला की आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा. आमची जागा म्हणजे पहिल्या मजल्यावरची पुढची खोली, मागची खोली आणि मोरी. जुन्या पावतीवर ‘दोन खणी खोल्या दोन’ असं लिहिलेलं होतं. वाड्यात फूट मोजत नसत, खण मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि तो खण कुठल्या वाड्यात किती रुंद हे तिथल्या तुळयांवर ठरायचं. मुलांनी पंधरा मिनिटांत खणांचे चौरस फूट केले. २१२.

सासूबाई पलंगावर बसून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, “भिंतीतले कोनाडे धरलेत का?”

“नाही आजी, भिंत धरायची नसते. कार्पेट म्हणजे आतली फक्त.”

“मग गॅलरी? पापड-कुरडया घालतो ती? खालचा चौक?”

“ते सामाईक आहे आजी.”

सासूबाई गप्प झाल्या. मी सही केली. २१२ हा आकडा बरोबरच होता, त्यात कुणाची लबाडी नव्हती. पण रात्री झोपताना तो डोक्यातून जाईना. मी १९९१ साली लग्न होऊन या वाड्यात आले. चोवीस वर्षांत या २१२ फुटांत मला कधी अडचण वाटली नव्हती, कारण आम्ही तेवढ्यात राहतच नव्हतो. भाजी निवडायची गॅलरीत. मुलाचा अभ्यास जिन्याच्या वरच्या पायरीवर, तिथे उजेड चांगला. सासरे दुपारी आडवे व्हायचे ते खालच्या पडवीत. हळदीकुंकू, बारसं, मुंज, आणि एकदा तर सख्ख्या शेजाऱ्यांच्या मुलीचं केळवण, सगळं चौकात. कागदावर आमच्या नावाला दोन खोल्या होत्या आणि वापरायला पूर्ण वाडा.

वाडा पुण्याच्या शुक्रवार पेठेत, मंडईपासून पाच मिनिटांवर. दगडी जोतं, त्यावर लाकडी सांगाडा, पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, आणि कौलं. चौकात एक हौद होता. कात्रजहून नानासाहेब पेशव्यांनी नळ आणला, त्याचं पाणी पेठापेठांतल्या हौदांत खेळायचं. आमच्या हौदातही ते येत असे, हे सासूबाईंनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं. माझ्या वेळी हौदावर फरशी टाकलेली होती आणि त्यावर तुळस. एकूण चौदा बिऱ्हाडं. मी आले तेव्हा चौदाही बिऱ्हाडांत चुली पेटत होत्या.

वाडे का पडले याबद्दल पुण्यात दोन बाजूंनी बोललं जातं. भाडेकरू म्हणतात मालकांनी मुद्दाम दुरुस्ती केली नाही. मालक म्हणतात भाडेकरू फुकटात राहिले. आम्ही महिना ३८ रुपये भाडं देत होतो. चौदा बिऱ्हाडांचं मिळून महिन्याला सहाशे रुपयेही होत नव्हते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी जी गोठवली ती गोठलीच. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते, पण ३८ रुपयांचे चार टक्के म्हणजे दीड रुपया. एका पावसाळ्याआधी कौलं शाकारायची म्हटली तर वर्षभराचं भाडं गडी आणि कौलं यांतच गेलं असतं. मालकांचा राग मला कधी आला नाही. ते स्वतःही त्याच वाड्यात मागच्या चौकाला राहत होते आणि त्यांच्याही माडीत पातेली ठेवलेली असत.

पण एक गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सांगत नाहीत, ती मी डोळ्यांनी पाहिली म्हणून लिहिते. वाडा खाल्ला कुलपांनी. १९९५ नंतर एकेकाने कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, बिबवेवाडीला फ्लॅट घेतले. चांगलं झालं, कुणाला नको असतो स्वतःचा संडास? पण पेठेतली जागा कुणी सोडली नाही. हक्क राहावा म्हणून कुलूप लावलं, महिन्याचं भाडं भरलं, आणि दिवाळीला येऊन झाडू मारून गेले. २०१० पर्यंत चौदातल्या सात बिऱ्हाडांना कुलपं होती. आमच्या डोक्यावरच्या खोलीत कौल सरकलं, पाणी साठलं, कडीपाट कुजला, आणि ज्यांची किल्ली ते वारज्याला. फोन केला की “या रविवारी येतो.” माणूस राहत असता तर पहिल्या थेंबाला उठून कौल सारखं केलं असतं. आमचं छत त्यातच गेलं. हीच माणसं पुढे मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त भावूक व्हायची, वाडा वाचवला पाहिजे म्हणायची. त्यांच्यावर मी चिडले होते आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

मे २०१५ मध्ये पालिकेची नोटीस दिंडी दरवाजावर चिकटवली गेली. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेठांमध्ये अशा नोटिसा लागतात, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली: इमारत धोकादायक, दुरुस्त करा नाहीतर रिकामी करा. आधीही आल्या होत्या. या वेळी शब्द ‘अतिधोकादायक’ होता, आणि त्याच जूनमध्ये मागच्या जिन्याची भिंत पहाटे बसली. कुणाला लागलं नाही. सासूबाई त्याच जिन्याने रोज पहाटे खाली संडासला जात. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून दहा मिनिटं उशिरा उठल्या.

त्यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. ज्यांना वाडा म्हटलं की नक्षीदार खांब आणि चौकातलं चांदणं आठवतं, त्यांनी ऐंशीच्या घरातल्या बाईला श्रावणाच्या सरीत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन चौक ओलांडताना बघायला हवं होतं. सासूबाई १९५८ पासून तेच करत होत्या. वाडा पाडायला पहिली संमती त्यांनी दिली. “माझी सही आधी घ्या,” म्हणाल्या.

पुढची अडीच वर्षं कागदांत गेली. हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण पेठांत अजून कितीतरी जण याच रांगेत आहेत. भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, ते २००४ साली गेले. त्यांच्यानंतर त्यांच्याबरोबर राहणारा वारस भाडेकरू ठरतो, पण ‘बरोबर राहणारा’ हे सिद्ध करायचं तर रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे मिळेल ते लावायचं. मी शाळेत शिक्षिका, कागद जपायची सवय, म्हणून आमचं निभावलं. तळमजल्यावरच्या काकूंकडे एकही पावती नव्हती. मालक माणूस सज्जन म्हणून त्यांनी लिहून दिलं. सज्जन नसता तर लघुवाद न्यायालयात वर्षं गेली असती.

मालकांकडेही सोपं नव्हतं. तीन भावांचे मिळून अकरा वारस, त्यांतले दोन परदेशात. एका पुतण्याची सही यायला आठ महिने लागले. भाडेकरूंच्या मीटिंगा चौकात व्हायच्या, सतरंज्या टाकून. कुलूपवाल्यांना पैसे हवे होते, राहणाऱ्यांना जागा. कुणी म्हणायचं मोठा फ्लॅट द्या, कुणी म्हणायचं खालचाच गाळा पाहिजे. माझी मागणी एकच होती: नव्या इमारतीत खाली एक मोकळा चौक ठेवा, लहानसा, दहा बाय बाराचा. वास्तुविशारदाने नकाशा उलगडला आणि समजावून सांगितलं. प्लॉट लांबट, रस्ता अरुंद, बाजूला सोडायची जागा, जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी, आणि उरलेल्या तळमजल्यावर गाड्या. नियमाप्रमाणे गाड्यांना जागा दाखवावीच लागते. चौकाला नियम नाही. तो माणूस मनापासून बोलत होता, त्याच्या आजोबांचाही वाडा होता. पण नकाशात चौक बसला नाही.

करार झाला तो ३२० चौरस फुटांचा, मालकी हक्काने, बांधकाम होईपर्यंत पर्यायी जागेचं भाडं बिल्डरने द्यायचं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली. माझं कळकळीचं सांगणं आहे: करार नोंदवल्याशिवाय कुणीही खोली सोडू नये, आणि पाडण्याआधी पालिकेच्या दप्तरी भोगवटादारांची यादी मोजमापासह गेली आहे ना, ते स्वतः जाऊन बघावं. जागा रिकामी झाल्यावर भाडेकरूच्या हातात कागदाशिवाय दुसरं काही राहत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही धायरीला गेलो. मार्चमध्ये वाडा उतरवला. ‘पाडला’ म्हणत नाहीत ते लोक, ‘उतरवला’ म्हणतात, आणि शब्द खराच आहे. आधी कौलं, मग वासे, मग कडीपाट, मग तुळया, सगळं सांभाळून खाली घेतात, कारण त्या सागवानावरच त्यांचा हिशेब असतो. आमच्या यजमानांना खोलीतली एक तुळई हवी होती, देवघर करायला. उतरवणारा ठेकेदार म्हणाला, लाकूड धरूनच काम घेतलंय, एक दिली तर दहा जण मागतील. पुढे दोन-तीन रविवार हे मंगळवार पेठेत जुन्या बाजारात फिरून आले. तशी लाकडं तिथे पुष्कळ होती, आपली ओळखणार कशी?

मी मात्र वाडा उतरवताना बघायला गेले नाही. शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती, मधल्या सुट्टीत धूळ दिसायची.

काम सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग करोना आला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि नकाशे पुन्हा करायला घेतले गेले. त्या काळात बिल्डरने अकरा महिने भाडं दिलं नाही. धायरीचा घरमालक थांबायला तयार नव्हता. माझ्या पगारातून भरलं, सासूबाईंच्या बांगड्यांतल्या दोन गहाण टाकल्या. ते पैसे नंतर मिळाले, पण व्याज मिळालं नाही आणि कुणी ‘चुकलं’ असंही म्हणालं नाही. त्या अकरा महिन्यांत मी रोज रात्री तो करार काढून वाचत असे.

धायरीहून शाळेत यायला बसने सव्वा तास. रोज पेठ बाहेरून बघायला लागले तेव्हा तिचं काय चाललंय हे जास्त स्पष्ट दिसलं. आमच्या गल्लीत नऊ वाडे होते, तीन राहिले होते. माड्यांवर मंडई-तुळशीबागेतल्या व्यापाऱ्यांची गोदामं, कापडाचे गठ्ठे, प्लास्टिकची खोकी. जिथे बिऱ्हाडं होती तिथे कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरतं भाडं देऊन, स्पर्धा परीक्षेची मुलं, एका खोलीत पाच. ती मुलं मला कधी परकी वाटली नाहीत. बीड-लातूरकडची, रात्री दोनपर्यंत दिवा जळत असलेली. तीच आता पेठेत माणसाचा आवाज ठेवतात. पण त्यांची लग्नं इथे होत नाहीत, त्यांची मुलं इथल्या शाळेत येत नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या पहिलीच्या वर्गात ५२ मुलं होती. २०१९ साली १७. त्यांतलीही निम्मी मंडईतल्या हमालांची आणि भाजीवाल्यांची, संध्याकाळी घरी पर्वतीच्या वस्तीत जाणारी. दिवसा पेठेत पाय ठेवायला जागा नसते आणि रात्री नवाच्या पुढे कुत्री आणि आम्ही.

माझ्या नणंदेची गोष्ट आमच्या उलट. तिचा वाडा शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आत आहे. संरक्षित स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. डागडुजी करायची तरी आधी परवानगी. १७३२ साली उभा राहिलेला आणि १८२८ च्या आगीत जळालेला शनिवारवाडा जपायला हवा, यात तिलाही शंका नाही. “पण मी काय स्मारक आहे का?” ती विचारते. तिच्या घराला टेकू लावलेत. ती माझ्या फ्लॅटमध्ये येते, नळ उघडून बघते, बंद करते. मी तिच्याकडे जाते तेव्हा ओसरीवर बसून राहते, उठवत नाही. दोघी एकमेकींचा हेवा करतो आणि तसं बोलूनही दाखवतो.

ताबा मिळाला ऑगस्ट २०२३ मध्ये. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दार लावता येईल असा संडास. सासूबाई ८४ वर्षांच्या होत्या. लिफ्टमधून वर आल्या, सगळं घर फिरल्या, संडासचा दिवा लावून बघितला आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, “आता मी म्हातारी झाले तरी चालेल.” मी वाड्याची आठवण काढली की त्या ऐकून घेतात, मग म्हणतात, “तुला वाडा आठवतो, मला बादली आठवते.” त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही आणि चालू नये.

त्याच डिसेंबरात बुधवार पेठेतला भिडे वाडा पाडला गेला. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली, ती जागा. राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला, भाडेकरू कोर्टात, पालिका कोर्टात. तोवर इमारत इतकी मोडकळीला आली की ठेवण्यासारखं उरलं नाही. मी मुलींना शिकवते. दर ३ जानेवारीला वर्गाला घेऊन त्या वाड्यासमोर जात असे आणि पडका दरवाजा दाखवून सांगत असे, इथे. आता स्मारक होईल, ते चांगलंच असेल. मला मात्र तो दरवाजा दाखवायचा होता. आणि त्या भाडेकरूंच्या बाजूनेही मी विचार केला, कारण त्या वेळी मी नुकतीच त्यांच्यासारखीच रांग संपवून आले होते.

मंडईची इमारत मी मुलांना दाखवते तेव्हा हेही सांगते की १८८६ साली ती उभी राहण्याआधी बाजार शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरायचा, आणि नगरपालिकेत असताना या बांधकामावर खर्च करायला जोतीरावांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज मंडई त्यांच्याच नावाने आहे, आणि तिच्याशिवाय पेठेची कल्पना करवत नाही. तिच्या पोटाखालून आता मेट्रो जाते. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला. बांधकामाची वर्षं आम्ही पत्र्यांच्या कडेने चाललो, व्यापारी रडकुंडीला आले, आता रविवारी स्टेशनातून लोंढे बाहेर पडतात. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात. त्या दिवशी मी सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवरून मधोमध घेऊन जाते. त्यांना फार आवडतं, मलाही. लोक पेठ बघायला येतात, खरेदी करतात, परत जातात. आमच्या चौदा बिऱ्हाडांपैकी मात्र पाचच परत राहायला आली. बाकीच्यांनी जागा विकल्या किंवा भाड्याने दिल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये एका दुकानदाराचं गोदाम सुरू झालं होतं, ते सोसायटीने ठराव करून बंद केलं. ठराव मी मांडला होता.

न आलेल्यांत तळमजल्यावरच्या काकू. त्यांच्या मुलाने पैसे घेतले, त्या आता वनाजजवळ राहतात. दर गुरुवारी मेट्रोने येतात, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलतात आणि मंडईला उतरतात. भाजी घेतात, तशी वनाजलाही मिळते. मग आमच्या इमारतीखाली येऊन उभ्या राहतात. वर यायला लाजतात. सारखं सारखं कुणाच्या घरी जायचं, म्हणतात. वाड्यात त्या कुणाच्याच घरी जात नसत, पायरीवर बसत आणि आम्ही सगळे येता-जाता त्यांच्याशी बोलत असू. आता खाली बसायला काहीच नाही. दोन दुचाक्यांच्या मध्ये पिशवी ठेवून, खांबाला हात लावून उभ्या असतात.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी बाकाचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, एका दुचाकीची जागा जाईल. एक जण म्हणाला, बाहेरचे लोक येऊन बसतील. मी म्हटलं, बसू देत. बरंच बोलणं झालं आणि शेवटी ठरलं की जागा मोजून, नकाशावर दाखवून लेखी अर्ज द्यायचा. दुसऱ्या दिवशी मी मुलाचा टेप घेऊन खाली गेले. लिफ्टच्या दारापासून मीटरच्या पेटीपर्यंत, भिंतीलगत, सहा फूट बाय दीड फूट. नऊ चौरस फूट. अर्ज दिला आहे. सासूबाईंनी त्यावरही पहिली सही केली.